मागच्या गाडीत कुणी बसत नाही

कळे गावाच्या पुढं रस्ता सरळ लागला, मी जरा वेग दिला, आणि मागची कॅरव्हॅन शेपूट हलवायला लागली.

आधी अगदी हळू. आरशात तिचा पांढरा कोपरा डावीकडं दिसायचा, नाहीसा व्हायचा, मग उजवीकडं दिसायचा. बघता बघता ते हेलकावे जीपमध्ये उतरले. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी माझ्या हातात नव्हती. समोरून उसानं भरलेली ट्रॉली येत होती. पाय आपोआप ब्रेककडं गेला, तो मी ओढून मागं घेतला. अशा वेळी जीपचा ब्रेक मारला की मागची गाडी पुढच्या गाडीला ढकलते आणि दोन्ही आडव्या होतात. स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, ॲक्सिलेटरवरचा पाय सोडला, आणि डॅशबोर्डखाली एक छोटा दांडा बसवलेला होता, तो हळूच दाबला. त्या दांड्यानं फक्त कॅरव्हॅनला ब्रेक लागतो. कुणीतरी मागून पदर धरून ओढावा तशी ती ताणली गेली, दोन झोके खाल्ले आणि सरळ झाली. ट्रॉली शेजारून गेली. उसाची पानं काचेला घासली.

मी गाडी कडेला घेतली. शेजारी बघितलं. हे सीटला डोकं टेकून बसले होते.

"कळलं का तुम्हांला?"

"कळलं."

"मग बोलला नाही काही?"

"तू चालवतीयस," हे म्हणाले आणि तोंड खिडकीकडं केलं. खिडकीतून त्यांना काही दिसत नव्हतं. दोन वर्षं झाली होती त्याला.

आमचा कुपवाडला कारखाना होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. ह्यांनी, म्हणजे भूपाल मगदूमांनी, उभं आयुष्य लोखंड जोडण्यात घालवलं, आणि कारखाना दुसऱ्याच्या हाती दिल्यावर स्वतःसाठी म्हणून ही कॅरव्हॅन बांधली. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. खाली ट्रॉलीला असतात तसले स्प्रिंगचे पाटे आणि जाड टायर. दगडधोंड्यातून, नदीच्या पात्रातून न्यायची, जिथं डांबर संपतं तिथून पुढं जायची, असं त्यांचं चाललेलं असायचं. ती रंगवून होईपर्यंत साखरेनं डोळे खायला सुरुवात केली होती. सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या. तेवढ्या काळात त्यांनी मला शिकवलं. बंद पडलेल्या एका गिरणीच्या पटांगणात मी जीप चालवायची, ते बाजूला उभे राहून ओरडायचे. मी मुलींच्या शाळेत खेळाची बाई होते. माझ्यावर कुणी ओरडलेलं मला चालत नसे, पण ते मी चालवून घेतलं. मागं जाताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं, जड सामान चाकांवर किंवा चाकांच्या जरा पुढं ठेवायचं, शेपटीला कधीच नाही. आणि पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट म्हणजे, चालत्या कॅरव्हॅनमध्ये कुणी बसत नाही. लहान पोर नाही, म्हातारं माणूस नाही, कुणी नाही.

मग डोळे पूर्ण गेले आणि ते पटांगणात यायचे बंद झाले. नंतर घराबाहेर यायचे बंद झाले. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, विकून टाकूया. कोण वापरणार आता?" मी म्हटलं, मी वापरणार. समुद्रावर नेणार बाबांना. मुलगा हसला नाही, त्यानं काकांना फोन केला. म्हणून आमच्या मागून सुकुमार भाऊजी, माझे धाकटे दीर, त्यांची गाडी घेऊन आले होते. खाली कोकणात तळेऱ्याला त्यांची मुलगी दिलेली होती, तेही काम होत होतं.

भाऊजी गाडीतून उतरून आले. "काय झालं वहिनी? नागिणीसारखी काय चालवताय?"

मी कॅरव्हॅनचं दार उघडलं आणि मागच्या कपाटाशी गेले. आत गुळाचे रवे होते, दहा दहा किलोच्या ढेपा, एकावर एक रचलेल्या. सकाळी कोल्हापुरात जीपच्या नव्हे, कॅरव्हॅनच्या डाव्या चाकाचं पंक्चर काढून घेतलं, तेव्हा मी दुकानात उभी होते. भाऊजींनी तेवढ्यात व्याह्यांचा गूळ आत ठेवला होता.

"माझ्या डिकीत जागा नव्हती," ते म्हणाले. "आणि गुळानं काय होतंय एवढ्या मोठ्या डब्याला?"

"शेपटीला ठेवलात म्हणून होतंय."

"वहिनी, मी पंचवीस वर्षं गाडी चालवतोय."

"डिकी उघडा," मी म्हटलं.

त्यांच्या डिकीत, मागच्या सीटवर, पायात, मी तो गूळ भरला. ते हात बांधून बघत उभे राहिले. हे जीपमध्येच बसून होते. एरवी कुणी ट्रॉलीत माल चुकीचा भरला तर ते चालत्या कारखान्यातून ओरडत बाहेर यायचे.

गगनबावड्याला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. थंडीचे दिवस, हवा स्वच्छ. घाटाच्या तोंडाशी एका टपरीवर चहा घेतला. तिथून खाली करूळचा घाट उतरतो, आणि पार खालपर्यंत कोकण पसरलेलं दिसतं. मी जीप आणि कॅरव्हॅनमधला जोड हलवून बघितला, साखळ्या बघितल्या, दिव्यांची वायर बघितली, आतल्या गॅसचा कॉक बंद आहे ना ते बघितलं. मागून भाऊजींचा हात पुढं आला.

"किल्ली द्या. घाट मी उतरवतो."

"कशाला?"

"कशाला म्हणजे काय? मघाशी बघितलं ना. सरळ रस्त्यावर ही अवस्था. इथं वळणं आहेत, खाली दरी आहे. अण्णा, सांग की वहिनींना."

हे टपरीच्या बाकावर बसले होते. चहा हातात तसाच होता. "दे त्याला," हे म्हणाले.

मला ते फार लागलं. भाऊजींनी म्हणावं हे मी धरून चाललेच होते. पण पटांगणात मला शिकवणारा माणूस, माझं मागं घेणं सुधारलं तेव्हा "शाबास" म्हणून पाठीवर थाप मारणारा माणूस, हा तोच.

"भाऊजी, तुम्ही कधी मागं गाडी जोडून घाट उतरलाय?"

"त्यात काय उतरायचं? ब्रेक आहे की."

"म्हणूनच देत नाही," मी म्हटलं. "अख्खा घाट ब्रेक दाबत उतरलात तर अर्ध्यात ब्रेक तापून बसतील. मी दुसऱ्या गिअरवर उतरणार. हळू. तुम्हांला मागं कंटाळा येईल, तो येऊ दे."

भाऊजी लाल झाले. टपरीवाला आणि दोन ट्रक ड्रायव्हर आमच्याकडं बघत होते. मी आवाज खाली आणला नाही. शाळेच्या मैदानावर कमावलेला आवाज होता, तो खाली आणायची सवयच नव्हती.

तेवढ्यात हे उठले. एका हातानं चाचपत कॅरव्हॅनपर्यंत गेले, पत्र्यावरून हात फिरवत दाराशी आले, आणि कडीला हात घातला.

"मी आत पडतो," हे म्हणाले. "वळणांनी मला गरगरतं."

"बरोबर आहे," भाऊजी लगेच म्हणाले. "पलंग आहे, उशी आहे. झोपू दे की अण्णाला. कॅरव्हॅन कशासाठी असते मग?"

"चालताना कुणी आत बसत नाही."

"वहिनी, कोण बघतंय इथं?"

"मी बघतीय."

मी ह्यांच्याजवळ गेले. "तुम्हीच शिकवलंय मला. पट्टा नाही, आधार नाही, आत काय झालं ते चालवणाऱ्याला कळत नाही. चला पुढं."

हे माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हळू आवाजात काहीतरी बोलले. ते फक्त मला ऐकू आलं. पत्र्याला टेकून मी क्षणभर उभी राहिले. मग त्यांचा हात कडीवरून काढला, दाराला कुलूप घातलं, आणि किल्ली कमरेच्या पिशवीत टाकून चेन ओढली.

"काय म्हणाला अण्णा?" भाऊजींनी विचारलं.

"काही नाही. गरगरतं म्हणाले."

"मग?"

"मग पुढं बसतील. नाहीतर आपण सगळे इथंच बसू. मला घाई नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचा नेम आहे तो तुम्हां दोघा भावांचा."

ट्रक ड्रायव्हरांपैकी एक जण हसला. ह्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. माणसांसमोर मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. ते बराच वेळ उभे राहिले, आणि मीही उभी राहिले. शेवटी त्यांनी हात पुढं केला. मी तो धरून त्यांना जीपपर्यंत नेलं, बसवलं, पट्टा लावला.

"काच खाली ठेवा," मी म्हटलं.

"कशाला?"

"मी बघते. तुम्ही ऐका."

"मला काही ऐकायचं नाही."

"मग ऐकू आलं तरी सांगू नका."

घाट सुरू झाला. मी पहिल्या वळणाच्या आधीच गिअर खाली टाकला. इंजिन गुरगुरत गाडी धरून ठेवत होतं, आणि मागचं वजन पाठीवर हात ठेवल्यासारखं जाणवत होतं. प्रत्येक वळण मोठं घ्यावं लागायचं. कॅरव्हॅनची चाकं जीपच्या चाकांपेक्षा आतून कापत येतात, म्हणून नाक जरा पलीकडं नेऊन मग वळवायचं. मागं भाऊजींचा हॉर्न अधूनमधून वाजत होता. एक ट्रक वर येत होता, त्याला मी थांबून जागा दिली. मी एकदा म्हटलं, "गरगरतंय का?" ह्यांनी सीटला डोकं टेकलं.

पुढं डाव्या हाताला डोंगराचा उभा कडा आला. रस्ता त्याला चिकटून चालला होता. कड्यावर आपटून आमच्याच गाडीचा आवाज उघड्या खिडकीतून परत आत येत होता. इंजिनाची गुरगुर, टायरचा खरखराट. मला तेवढंच ऐकू येत होतं.

ह्यांनी मान वळवली.

"थांब," ते म्हणाले.

"इथं कुठं थांबू? वळण आहे."

"पुढं जागा मिळेल तिथं थांब. हळू जा. आणखी हळू." ते खिडकीबाहेर कान काढून बसले होते. "डावं चाक बोलतंय."

"मला काही ऐकू येत नाही."

"किट्, किट्, किट्. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला. जीपचं नाही, मागचं. शैला, पहिला गिअर टाक. ब्रेकला हात लावू नको."

मी पहिला टाकला. माणसाच्या चालीनं आम्ही ते वळण उतरलो. मागं हॉर्नचा नुसता गोंधळ. पुढं रस्ता जरा रुंद झाला होता, कठड्याच्या आत गाडी उभी राहील एवढी जागा होती. मी तिथं घेतली, गिअरमध्येच बंद केली, हँडब्रेक ओढला.

हे माझी वाट न बघता उतरले. जीपला हात लावत मागं गेले, जोडावरून, पुढच्या पत्र्यावरून हात नेत डाव्या चाकाशी आले आणि गुडघ्यांवर बसले. बोटांनी चाकाचे नट एकेक चाचपले.

"हा हलतोय. हाही. हा तर हातानं फिरतोय." त्यांनी श्वास सोडला. "पंक्चर काढलं ना सकाळी. चाक खोलून बसवलं की थोडं चालल्यावर नट परत आवळायचे असतात."

"बावड्याला आवळणार होते मी. ठरवलं होतं."

"भांडणात राहिलं."

"राहिलं."

"पाना आण."

भाऊजी गाडीतून उतरून तावातावानं आले होते. चाकाशी बसलेल्या भावाला बघून ते थांबले. मी पाना आणून ह्यांच्या हातात दिला. त्यांनी नट आवळले, एक सोडून समोरचा, एक सोडून समोरचा, पाय देऊन, दातावर दात धरून. मग उजव्या बाजूला गेले आणि तिकडचेही बघितले. ते घट्ट होते. पुन्हा डावीकडं आले आणि पहिल्यापासून सगळे परत आवळले. कपाळावरून घाम गळत होता. शर्टाला ग्रीस लागलं होतं. दोन वर्षांत त्यांच्या शर्टाला काहीही लागलं नव्हतं.

"निघालं असतं का चाक?" भाऊजींनी विचारलं.

"आणखी पाच-सहा वळणं टिकलं असतं का, सांगता येत नाही," हे म्हणाले. "निघालं असतं तर गाडी त्या अंगाला बसली असती, आणि जीपलाही घेऊन गेली असती."

त्या अंगाला कठडा होता. कठड्यापलीकडं झाडांचे शेंडे दिसत होते, फक्त शेंडे.

भाऊजी पाणी आणतो म्हणून त्यांच्या गाडीकडं गेले. आम्ही दोघंच उरलो. मी ह्यांच्या शेजारी खाली रस्त्यावरच बसले.

आता हे नाहीत, म्हणून टपरीवर माझ्या कानाशी काय बोलले ते सांगते. ते म्हणाले होते, "मी आता सामानच आहे शैला. मला मागं टाक. घाटात जोड सुटला तर सुटू दे. तू तरी मोकळी होशील."

गरगरण्याचं नव्हतं ते. मला वाटतं सरळ रस्त्यावर गाडी झोके खात होती, तेव्हाही ते याच विचारात गप्प बसले होते. ते मला तिथं, टपरीशी, पत्र्याला टेकून उभी असताना कळलं, आणि मला दुःख व्हायच्या आधी राग आला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. मला मोकळं करणारे हे कोण? मी मागितलं होतं का?

"आत झोपला असतात," मी रस्त्यावर बसल्या बसल्या म्हटलं, "तर आवाज तुम्हांला आलाच असता."

"आला असता."

"सांगितलं कुणाला असतं?"

त्यांनी ग्रीसचा हात माझ्या हातावर ठेवला, आणि तसाच राहू दिला. खाली दरीत कुठंतरी वानरं ओरडत होती.

"तसलं परत बोललात," मी म्हटलं, "तर मी भाऊजींना सांगेन, मुलाला सांगेन, गल्लीत सांगेन."

"सांगशील तू," हे म्हणाले.

भाऊजी पाणी घेऊन आले. त्यांचा आवाज उतरला होता, पण हट्ट गेला नव्हता. "अण्णा, उरलेला घाट तरी मी घेतो. वहिनी दमल्या असतील."

मी तोंड उघडणार होते. हे आधी बोलले. "तीच चालवणार. तू जरा अंतर ठेवून ये, सुकुमार. आणि हॉर्न वाजवू नको, मला ऐकायचं असतं."

उरलेल्या घाटात त्यांनी तोंड मिटलं नाही. वळण आलं की इंजिनाच्या आवाजावरून त्यांना कळायचं. "आता सोड. आता धर. वेग वाढतोय, तिचा ब्रेक जरा दाब, सोड." एकदा मी म्हटलं, "दिसतंय मला," तर म्हणाले, "मग दिसल्यासारखं चालव." मी पटांगणातल्यासारखी चिडले आणि पटांगणातल्यासारखंच चालवून घेतलं.

तळेऱ्याला गूळ उतरवला, चहा झाला, आणि तिथून देवगडच्या बाजूला समुद्रावरच्या एका सड्याकडं, कातळाच्या उघड्या पठाराकडं निघालो. तिथपर्यंत डांबर नव्हतं. तांबड्या जांभ्या दगडाची वाट, मध्ये खाचा, पाण्यानं खाल्लेल्या कडा. मी टायरमधली हवा थोडी कमी केली, उतरून वाट पायी चालून बघितली, आणि मग मुंगीच्या पावलानं कॅरव्हॅन वर आणली. ती असल्या वाटेसाठीच तर बांधली होती. पाटे कुरकुरले, आत भांडी वाजली, पण ती डोलत डोलत चढून आली. भाऊजींची गाडी खालीच राहिली, ते चालत वर आले.

सडा समुद्राकडं उतरता होता. खाली लाटांचा आवाज, वर नुसतं पिवळं गवत आणि वारा. ऊन तिरकं झालं होतं. भाऊजींना जेवायची घाई होती. जैनाघरचा नेम, सूर्य जायच्या आत ताट वाढून व्हायला हवं होतं. मी स्टोव्ह काढायला आत गेले, तेवढ्यात ते जोडाशी गेले आणि त्याच्यावरचा दांडा उचलायला लागले. कॅरव्हॅन जीपपासून सोडवायची, म्हणजे मला जीप बाजूला घेता येईल, असा त्यांचा विचार होता.

लोखंडाचा एकच आवाज झाला. वाऱ्यात उभे असलेले हे वळले.

"सुकुमार, हात काढ."

"सोडवतोय, अण्णा."

"चाकाला ठोकळे लावलेस?"

"लावतो नंतर."

"नंतर ती समुद्रात असेल. हात काढ म्हणतोय ना."

भाऊजींनी हात काढला. ह्यांनी मला हाक मारून लाकडी ठोकळे मागितले. भाऊजी पुढं झाले. "दे, मी लावतो. तुला दिसत नाही."

"चाकं कुठं असतात ते मला माहीत आहे," हे म्हणाले. "मी बसवलीत."

ते खाली बसले. उतार कुठल्या अंगाला आहे ते त्यांनी तळहातानं जमिनीवर बघितलं, मग एका चाकाशी ठोकळा सरकवला, मुठीनं ठोकून घट्ट केला. कॅरव्हॅनला वळसा घालून दुसऱ्या चाकाशी गेले. पत्र्यावरचा हात त्यांनी एकदाही उचलला नाही. दुसरा ठोकळा लावून झाल्यावर ते बाजूला झाले, चांगले लांब, आणि मला म्हणाले, "तिचा पुढचा लोखंडी पाय खाली घे, टेकू दे जमिनीला. मग साखळ्या काढ. मग दांडा उचल."

मी त्यांनी सांगितल्या क्रमानं सगळं केलं. दांडा उचलला आणि जीप वीतभर पुढं घेतली. जोड सुटला. कॅरव्हॅन समुद्राकडं बोटभर सरकली, ठोकळ्यांवर बसली आणि उभी राहिली.

भाऊजींनी सुटकेचा श्वास टाकला. "झालं एकदाचं. उद्या सकाळी लवकर निघू. चढताना तरी मला चालवू दे, अण्णा. चढ वेगळा असतो."

ह्यांनी हातावरची तांबडी माती पँटला पुसली.

"तू निघ सकाळी," ते म्हणाले. "उद्या आम्ही हिला खाली वाळूत नेऊन बघणार आहोत."